एका डोंग्याले एक परवाना

इवाई, तलावावरची मासे धरायची बंदी उठली. काल समितीचा चौकीदार सायकल घेऊन पाळीवरून ओरडत गेला, की गरी टाकणाऱ्यांनी परवाना संगं ठेवावा अन् डोंग्यावाल्यांनी जाकीट घालावं. मी ऐकलं अन् दार लावून घेतलं. तुम्हाले जाऊन अजून महिना झाला नाही. पावसाचे हे दोन महिने आपण दोघं ज्या दिवसाची वाट पाहून राह्यलो होतो, तो दिवस आला, अन् मी खाटेवर पडून छताकडे पाहत होतो.

परवाना माझ्या खिशात आहे. माझ्या नावाचा. खाली 'सोबती' म्हणून तुमचं नाव आहे. आता त्याचं काय करायचं हे मी विचारू तरी कोणाले? नियमाचं जे काही असे, ते मी तुम्हालेच विचारत होतो. तुम्ही नीट समजावून सांगत, अन् मी बरोबर त्याच्या उलट बोलत होतो. तुम्ही रागवत नव्हते. मले तुमचा राग फक्त याचाच येई.

मयतीले आलेले लोक म्हणून राह्यले होते, दोघं इवाई कसे सख्ख्या भावासारखे राहिले. मले त्याइचं तोंड धरावंसं वाटलं. भाऊ एकमेकाच्या घरी जेवतात. तुम्ही माझ्या मंदीचे सासरे, अन् मंदीच्या लग्नापासून मी तुमच्या घरी घोटभर पाणी घेतलं नाही.

काहून, ते तुम्हाले माहीत आहे, पण लोकाईले रीत वाटते. पोरीच्या घरचं खात नाही म्हणतात, जुनं माणूस आहे म्हणतात. रीत कशाची? लग्नानंतर तुमच्या अंगणात आमच्याकडची पंगत बसली होती. तुमचे थोरले काका वाढणाराच्या मागं उभे होते. ते म्हणले, "वाढा, वाढा, पोरीवाले दुरून आले. घरी काही शिजत नसन." तलावाच्या या पाळीखाली माझं गाव, त्या पाळीखाली तुमचं. दुरून कुठून येतो आम्ही? मी हातातला घास पत्रावळीवर ठेवला अन् उठून हात धुतला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाळ चालत माझ्या घरी आले. हात जोडले.

"इवाई, ते बुढ्याचं बोलनं हाय. माहं नाई."

"तुमच्यावर राग नाई जी. पन मी बोलून बसलो. त्या घरचं अन्नपानी मले नाई."

"आपन धम्म घेतला, पुरानं सारं सोडलं, अन् पोरीच्या घरचं पानी तेवढं धरून बसता काय?"

"हे पुरानं नाई. हे माहं सोताचं हाय."

तुम्ही मान हलवली अन् माझ्या घरी दोन कप चहा पिऊन गेले. तुम्हाले माझ्या घरी खायले कधीच लाज वाटली नाही. मागून खात होते. ते मी कधी बोललो नाही, पण मले त्याचं बरं वाटे.

मग तो आंबा पडला. माझ्या बांधावरचा, माझ्या बापाच्या वेळचा. वादळात मुळासकट आडवा झाला. तुम्ही येऊन खोडाभोवती दोन चकरा मारल्या अन् म्हणले, याचा डोंगा होते. लाकूड माझं, कोरणाऱ्याची मजुरी तुमची. तो डोंगा ना तुमच्या घरचा होता ना माझ्या. ते तुम्ही मुद्दाम केलं होतं हे मले लय उशिरा समजलं. तुम्ही उकव्याच्या खाणीत जन्म घालवलेला माणूस, नोकरीतून सुट्टी होऊन गावात आले, तुम्हाले मासे धरता येत नव्हते. गांडूळ गरीले कसं लावायचं ते मी तुम्हाले शिकवलं. दोरीले बांधलेला धांड्याचा तुकडा पाण्यावर हलला की तुम्ही झटका मारायचे अन् दर वेळी लवकर मारायचे.

पहिल्या दिवशी तलावाच्या मधात तुम्ही पिशवीतून डबा काढला. मी म्हटलं, हा कोणाच्या घरचा?

"मंदीनं देला."

"मंग तुमच्याच घरचा."

तुम्ही मागं वळून पाळीकडे पाहिलं. "इवाई, पाळ तिकडे राह्यली. पान्यावर कोनाचं घर असते काय? पाळ ओलांडली का डबा कोनाच्या घरचा राहत नाई."

मी गरी डोंग्यात ठेवली. मग हात पुढं केला. तांदळाची भाकर होती अन् पाटवडीचा रस्सा. लग्न होऊन गेलेल्या माझ्या पोरीच्या हातचं मी पहिल्यांदा खाल्लं ते त्या पाण्यावर. रस्सा तिखट होता म्हणून डोळ्यात पाणी आलं असं मी तुम्हाले सांगतलं, अन् तुम्ही हौ म्हणले.

त्यानंतर कितीक वर्षं आपलं घर तेच होतं. पौर्णिमा सोडून. पौर्णिमेले गरी टाकायची नाही हे तुम्हीच ठरवलं होतं. त्या दिवशी मले मंदीच्या हातच्या खाण्याचा उपास पडे.

मग नियम आला. तलाव समितीले ठेक्यानं गेला, अन् एक साहेब पाळीवर खुर्ची टाकून बसले. जे पोटासाठी मासे मारतात ते समितीत. बाकी सगळ्याइले त्यांनी एक नाव देलं, शौकिया. म्हणजे हौसेनं मासे धरणारे. "बाबा, आप शौकिया में आओगे," ते मले म्हणले. मले ते शिवीसारखं लागलं. शौक म्हणजे पत्ते, शौक म्हणजे दारू. मी त्यांना म्हटलं, माझ्या आज्यानं या तलावाची माती वाहिली. ते म्हणले, "अच्छी बात है, फोटो लाना."

तुम्ही मात्र पुढं सरकून एकेक गोष्ट विचारून घेतली. पाळीवरून गरी टाकणाऱ्याचा परवाना वेगळा, डोंग्यातून टाकणाऱ्याचा वेगळा. डोंग्यावर नंबर रंगवायचा. जाकीट घालायचं. अंधार पडला की पाण्यात राहायचं नाही. वीतभरापेक्षा लहान मासा पाण्यात परत. बंदीत डोंगा पाण्यात घालायचाच नाही, घातला तर परवाना रद्द. अन् सगळ्यात वाईट ते शेवटी. एका डोंग्याले एकच परवाना. एका परवान्यावर एकच गरी. परवानेवाल्यासंगं एक सोबती बसन, त्याचं नाव लिहून द्यायचं, पण सोबत्यानं गरीले हात लावायचा नाही.

परत येताना आपलं भांडण झालं. मी म्हटलं, पाण्यावर बसायले कशाची परवानगी? तुम्ही म्हणले, "इवाई, खानीत मी टोपी घालून उतरत होतो. लोक हासत. मी दोन हात, दोन पाय घेऊन घरी आलो. हासनारे सारे नाई आले." ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो.

मी दफ्तरात जात नव्हतो, म्हणून तुम्ही गेले. कागद तुमच्या नावाचा झाला, सोबती मी. हंगामाच्या पहिल्या सकाळी तुम्ही ते नारंगी जाकीट घालून डोंग्याजवळ उभे होते.

"बसा जी."

"कोन म्हनून बसू?"

"म्हंजे?"

"कागदावर मी कोन आहो?"

"सोबती."

"म्हंजे डोंगा तुमचा. मी तुमचा पाहुना. मंग डबा बी तुमच्या घरचा झाला."

"काय बापा तुमी. डोंगा तोच हाय, तुमच्याच आंब्याचा."

"आंबा माहा. कागद तुमचा."

तुम्ही हसले. मी हसलो नाही, हे पाहून तुमचंही हसणं गेलं. मग तुम्ही एकटेच बसले अन् वल्हं मारत निघाले. एकट्याच्या डोंग्याचं तोंड पाण्यातून वर उचलते, वारा त्याले गोल फिरवते. पाठमोरे तुम्ही अन् ते नारंगी जाकीट गोल फिरत राह्यले होते. मी पाळीवरून पाहिलं अन् उठलो नाही.

तो सारा हंगाम असाच गेला. मी पाळीवर बसे. परवाना नाही म्हणून गरी नाही, नुसता बसे. तुम्ही एकट्यानं डोंगा पाळीजवळ आणून बांबू रोवून उभा करत अन् तिथून बोलत.

"काय लागलं?"

"मरळ."

"लहान दिसते."

"तिकून लहानच दिसन. इकडे येऊन पाहा."

"वीत लावा."

तुम्ही खरंच वीत लावून पाहत अन् मासा पाण्यात सोडून देत. मग डबा वर धरून दाखवत. "मंदीनं सुकी वांगी केली. ठिवू काय पाळीवर?" पाळीवर म्हणजे जमिनीवर. मी म्हणे, खा तुम्ही. तुम्ही झाकण लावून तो डबा तसाच घरी नेत होते, हे मले मंदीनं नंतर सांगतलं. तुम्हीही खात नव्हते.

चौकीदार जाता जाता म्हणे, "क्या समधीजी, दोनों का तलाक हो गया क्या?" तुम्ही त्याले म्हणत, "नहीं भाई, कागज अटका है."

मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. पाहुणा म्हणून बसलो असतो तर लग्नातल्या त्या पंगतीत परत बसलो असतो. पण इवाई, तो हंगाम मले परत पाहिजे. कोणत्या दफ्तरात मिळते ते सांगा, मी फोटो घेऊन जातो.

उन्हाळ्यात तुम्ही माझ्या अंगणात आले. चहा मागितला. कप खाली ठेवून म्हणले, "या बारीनं कागद तुमच्या नावाचा. मी सोबती."

"तुमाले गरी धरता येनार नाई."

"नको."

"नुसतं वल्हं मारान लागन."

"मले कुठं मासा पाह्यजे. मले बसाचं हाय."

मी मान खाली घातली अन् हौ म्हटलं. एवढ्या वर्षांत तुमच्या म्हणण्याले मी लगेच हौ म्हटल्याचं मले दुसरं आठवत नाही.

आपण संगंच किरनापूरले गेलो, फोटो काढला, मग बालाघाटची बस धरली. दफ्तरातल्या पोरानं शाईचा डबा पुढं केला. मी म्हटलं, चौथी शिकलो, अंगठा नाही देत. सही करायले मले वेळ लागला. मागं रांग होती. तुम्ही मागच्या माणसाले सांगून राह्यले होते, "रुको भाई, कप्तान साइन कर रहे हैं." परतीच्या बसमध्ये तुम्हाले खोकला सुटला. तुम्ही खिडकीकडे तोंड केलं. मग पाणी पिऊन विचारलं, "पहिल्या दिवशी डब्यात काय पाह्यजे?"

"मंदी देईन ते."

"नाई जी. डोंगा तुमचा तं पाहुनचार तुमचा. या बारी डबा तुमच्या घरून. मले तुमच्या म्हातारीच्या हातचे वडे पाह्यजे."

मुलीच्या बापाले इवायाचा पाहुणचार करायले मिळते तो वाकून, हात जोडून, काही कमी तर नाही ना असं विचारत. तुम्ही मले तो ताठ बसून करायले देऊन राह्यले होते. ते मले बसमध्येच समजलं. आभाराचा शब्द माझ्या तोंडात बसत नाही.

अन् एक गोष्ट मी लपवून ठेवली. मी मनात ठरवून टाकलं होतं. पहिल्या दिवशी तलावाच्या मधात तुम्हाले पोटभर जेवू घालीन, वडे कमी पडू देणार नाही. मग परतताना वल्हं तुमच्या हातून घेईन अन् डोंगा माझ्या पाळीले न आणता तुमच्या पाळीले लावीन. तुम्ही विचारलं असतं, कुठं जी? मी म्हटलं असतं, चला, तुमच्या घरी पाणी पाजा. बस, एवढंच. मंदी दारात असती. ते तुम्हाले आधी सांगून टाकावं असं बंदीत कितीदा मनात आलं. पण मले तुमचं तोंड पाहायचं होतं, म्हणून ठेवून देलं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. मंदीचा फोन आला. "बाबा, मामंजी घाबरे झाले, तुमालेच इचारून राह्यले, लवकर या." पाळीवर गुडघाभर चिखल, मोटारसायकल चालत नव्हती. पाळीनं फिरून यायले माझ्या पायाले तासाच्या वर लागते. सरळ पाण्यातून म्हटलं तर घटकाभरात. डोंगा पाळीखाली उलटा घातलेला होता, ताजा रंगवलेला नंबर घेऊन. मी त्याच्यापाशी गेलो. काठाले हात लावला. मग मनात आलं, बंदी आहे. चौकीदारानं पाहिलं तर परवाना रद्द. मग हंगामात मी तुम्हाले कशात बसवू?

मी हात काढून घेतला अन् पाळीनं निघालो.

इवाई, मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारचा नियम पाळला तो त्या दिवशी. तुमच्याचसाठी पाळला. मी तुमच्या अंगणात पोचलो तेव्हा तुमचं तोंड झाकलेलं होतं. मंदी म्हणे, दोनदा विचारलं तुम्ही, इवाई आले का. तुम्ही असते तर म्हणले असते, बरोबर केलं जी, बंदी म्हणजे बंदी. मले ते ऐकायचं होतं. किंवा शिव्या द्या, तेही चाललं असतं. तुम्ही काहीच न बोलता गेले, अन् आता मी डोंग्याच्या काठाले लावलेला हात घेऊन फिरून राह्यलो.

सगळं आटोपल्यावर मंदीनं लोटा आणला. अंगणभर माणसं होती. "बाबा, आता तं घ्या." मी लोट्याकडे पाहिलं. माझा शब्द मोडायचाच होता, ते मी ठरवलेलंच होतं, पण तुमच्यासमोर, तुमच्या पाठीमागून आत येत. तुम्हीच नाही तर मी कोणासमोर मोडू? तुमची बायको, माझी ईहीण, भिंतीले टेकून बसली होती. ती हळूच म्हणली, "राहू दे मंदे. त्याइले नको म्हनू." मले तिथं बसवेना. मी तसाच पाळीनं परत आलो. माझ्या पोरीच्या हातचं खायची माझी जागा तुमच्यासंगं गेली, अन् दुसरी करायची ताकद माझ्यात नाही.

परवा जावई आला. त्याची हिंदी चांगली, मराठी अडखळते. म्हणे, "मामाजी, मैं बैठ जाता हूं आपके साथ. मंदा डब्बा देगी." पोरगा चांगला आहे, तुमचा आहे. त्याच्या मनाखातर मी त्याच्यासंगं दफ्तरात गेलो. तोच पोरगा होता. त्यानं कागद पाहिला. "बाबा, पहले ये नाम काटना पड़ेगा. मृत्यु का कागज लगा दो, इनका नाम चढ़ा देता हूं." त्यानं कलम उचललं होतं.

मी कागद ओढून घेतला.

"काटना नहीं."

"तो फिर अकेले जाओ बाबा. अकेले की मनाही नहीं है."

त्याचं काही चुकलं नाही. चांगला बोलला. तुम्ही असते तर त्याच्याच बाजूनं उभे राहिले असते, मेलेल्या माणसाचं नाव परवान्यावर कसं ठेवतील, असं म्हणले असते. अन् मी भांडलो असतो. जावई बाहेर येऊन म्हणे, "मामाजी, बाबूजी होते तो कटवा देते." मी म्हटलं, हौ, ते कटवते. म्हणूनच मी नाही कटवत.

एकटा मी जाणार नाही. माझे हात दोन. वल्हं धरलं तर गरी सुटते, गरी धरली तर वारा डोंगा फिरवते. तुम्ही तो सारा हंगाम एकट्यानं कसा काढला हे मले आता कळून राह्यलं, अन् ते कळून घ्यायची मले इच्छा नव्हती.

म्हातारीनं आज उडदाची डाळ भिजवली होती. मी विचारलं, कशाले? ती भांडं घेऊन आत गेली.

परवाना पुढच्या बंदीपर्यंत चालते. मग तो आपसूक रद्द होईन, माझं नाव अन् तुमचं नाव दोन्ही संगंच, अन् ते काम सरकारचं सरकार करन. तोवर कागदावर तुम्ही माझ्या डोंग्यात बसलेले आहात. तुम्हाले खाली उतरवायले मी कोणाले सांगणार नाही.